टीडीएस, बीओडी आणि 11 लिटर दूध

आम्हा कॉमर्सवाल्यांना टीडीएस म्हटलं की मुदतठेव आठवते. बँक व्याजातून कर कापून घेते आणि फॉर्म वेळेत भरला नाही म्हणून आपण घरात बोलणी खातो. बीओडी म्हणजे बोर्ड ऑफ डायरेक्टर्स. सीओडी म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, कुरिअरवाला दारात उभा असताना सुट्टे पैसे शोधायचे ते.

गेल्या फाल्गुनात माझी भाची महिनाभर आमच्याकडे अभ्यासाला राहिली. ती एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग शिकते. एकदा भाजी निवडताना तिची वही समोर होती आणि पहिल्याच पानावर हे तिन्ही शब्द ओळीने लिहिलेले. मी म्हटलं, "अगं, हे तर सगळं मला येतं. बी.कॉम. आहे मी, 1981 ची." आणि तिला वरचे अर्थ सांगितले. पोरगी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आत्या, तू नदी थेट बँकेतच नेलीस!"

पण पुढच्या महिन्याभरात मला वाटायला लागलं की मी अगदीच चुकले नव्हते. हा विषय बराचसा जमाखर्चाचाच आहे. पाणी, हवा, कचरा यांची रोजकीर्द आणि खातेवही. त्यांचा पहिला नियम काय, तर जेवढं आत आलं तेवढं एक तर बाहेर गेलं असणार नाही तर आत साठलं असणार. ते लोक याला मास बॅलन्स म्हणतात, आपण ताळेबंद म्हणतो. काहीही नाहीसं होत नाही. मोरीतून गेलं म्हणजे संपलं असं आपण बायका आयुष्यभर समजत आलो, ते फक्त आपल्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेलेलं असतं.

माझं मत सरळ सांगते. स्वयंपाकघर चालवणाऱ्या प्रत्येकीला यातले पाच-सहा शब्द तरी नीट कळायला हवेत. आज आपण नको त्या आकड्याला भितो आणि ज्याला भ्यायला हवं त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

नको तो आकडा म्हणजे टीडीएस. पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, जे काही विरघळलं असेल ते, लिटरला इतके मिलिग्रॅम. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विक्रेता आला होता. पेनासारखा मीटर नळाच्या पाण्यात बुडवला, 230 आकडा आला. "मॅडम, बघा, विष पिताय तुम्ही." मग त्याने पेटीतून दोन सळ्यांचं एक यंत्र काढलं. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. वीज सोडली तसं आमचं पाणी तपकिरी, गढूळ, वर गाळाचा थर. त्याचं पाणी मात्र स्वच्छ. हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले, चेकबुक जवळजवळ हातात.

मला रसायनशास्त्र येत नाही. पण हिशेबात जी रक्कम फारच सहज जुळते तिच्याकडे दोनदा बघायची सवय आहे. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या त्या चांगल्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघू या." तो नाही म्हणेना आणि हो म्हणेना. मीच टाकलं. त्याचंही पाणी तपकिरी झालं. सळी लोखंडाची. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि सळी गंजून तिचा गाळ पाण्यात येतो. आमच्या पाण्यातली घाण म्हणून जी दाखवली ती त्याच्याच सळीची होती.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस 10500. त्यात टीडीएसची मर्यादा 500 दिलेली आहे आणि दुसरं पाणीच मिळत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. आमचं 230. शहाळ्याच्या पाण्यात तो मीटर बुडवला तर आकडा हजारांत जाईल, म्हणून शहाळं कुणी विष म्हणत नाही. उलट हा मीटर क्षार किती ते सांगतो, पण जंतूंबद्दल एक अक्षर बोलत नाही. काविळीचं पाणी त्याच्यापुढे उत्तम मार्कांनी पास होईल. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यासाठी ती मशीन दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते, हा खर्च ताळेबंदात कुणी धरत नाही. ज्यांच्या बोअरला खरोखर 1500 च्या वर टीडीएस आहे त्यांनी मशीन जरूर घ्यावी. बाकीच्यांनी आधी चिमूटभर मीठ टाकून बघावं.

आता आपल्या गाळण्याकडे येते, कारण इथे मला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचं आहे.

पाणी गाळून घेणं ही जैन घराची पहिली खूण. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, सांगलीच्या खालच्या अंगाला. आई पहाटे दुहेरी कापडातून पाणी गाळायची आणि मग गाळण्यावर राहिलेले जीव त्याच कापडावर गाळलेलं पाणी ओतून एका तांब्यात उतरवून घ्यायची. ही जिवाणी. ज्या ठिकाणचं पाणी त्याच ठिकाणी ती परत सोडायची. आमच्या आडात वरून धबकन ओतलेलं आईला चालत नसे, जीव आपटतात म्हणून. तांब्या दोरीने खाली पाण्यापर्यंत सोडायचा आणि हलकेच कलता करायचा. मी सहा-सात वर्षांची असेन, पण तो तांब्या पाण्याला टेकल्याचा आवाज अजून कानात आहे.

आता या परंपरेबद्दल आपल्याकडे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते वाचून मला लाज वाटते. एका थेंबात 36,450 जीव हे कुण्या इंग्रज कप्तानाने मोजले, म्हणजे आपलं शास्त्र सिद्ध झालं! अहो, थेंब कुठला? तळ्यातला, नळाचा, की क्लोरीन टाकलेल्या टाकीतला? थेंबागणिक आकडा बदलणार. बॅलन्स शीटवर तारीख नसेल तर ऑडिटर ती हातातही घेत नाही. आपला धर्म कप्तानाच्या सहीवाचून अडलेला नाही.

खरी गोष्ट त्याहून चांगली आहे आणि ती भाचीने सांगितली. रिटा कॉलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशात 65 गावांत प्रयोग केला. नदी-तळ्याचं पाणी जुन्या सुती साडीच्या घड्या घालून त्यातून गाळायचं, एवढंच. 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी 48 टक्क्यांनी कमी झाली होती. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक कवचवाल्या जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडावर अडकतात. जुनी साडीच का, तर वापरून वापरून धागे सुटतात, पसरतात आणि विणीची भोकं लहान होतात. हे ऐकून मी उठून आमचं गाळणं उन्हात धरून बघितलं होतं.

पण त्याचबरोबर दुसरी गोष्टही खरी. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. माझ्या नणंदबाई तेव्हा तिथेच होत्या. त्यांचं पाणी कधी न गाळता घरात आलेलं नाही, पण उन्हाळ्यात उकळलेलं पाणी गोड लागत नाही म्हणून नुसतंच गाळलेलं प्यायचं. दोन महिने अंथरुणाला खिळल्या. त्या काविळीचा विषाणू इतका लहान की साडीच्या घडीचं भोक त्याच्यापुढे सहाशे पटींहून मोठं. तो गाळण्यातून आरामात पार होतो. त्याला उकळी लागते, किंवा पुरेसं क्लोरीन. त्या क्लोरीनचंही एक आहे. पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाच्या कणांआड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून गढूळपणाला इंजिनिअर लोक टर्बिडिटी असं नाव देऊन त्याची वेगळी मोजणी करतात. म्हणजे आधी गाळणं आणि मग उकळणं, दोन्ही हवं, दोन्हींची कामं निरनिराळी. आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे दिसत होतं त्याची त्यांनी मनापासून काळजी घेतली.

आता बीओडी. ज्याला भ्यायला हवं असं मी म्हणाले तो हा आकडा. पूर्ण नाव बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड. नाव ऐकून घाबरू नका, प्रकार अगदी घरगुती आहे.

पाण्यातही हवा विरघळलेली असते. मासे, खेकडे, गोगलगायी त्यावरच श्वास घेतात. पण ती किती थोडी! 27 अंशाला पाण्यात फार तर लिटरला 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी जितकं गरम तितका कमी. गोठणबिंदूपाशी 14 च्या वर असतो, म्हणजे चैत्र-वैशाखात नदी आटलेली आणि श्वासही निम्म्यावर आलेला. मासे नीट जगायला साधारण 5 तरी हवा. म्हणजे शिल्लक इनमीन तीन मिलिग्रॅमची. एवढ्या चिमूटभर शिलकीवर सगळी नदी संसार करते.

आता या पाण्यात उरलेलं वरण गेलं, ताक गेलं, मैला गेला की त्यावर जिवाणू जमतात. ते ही घाण खातात आणि खाताना आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात. तो येतो त्याच शिलकीतून. ही घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, तो आकडा म्हणजे बीओडी. मोजायचीही पद्धत कशी, तर काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आधी ऑक्सिजन मोजायचा, मग बूच लावून अंधारात ठेवायची. अंधार एवढ्यासाठी की शेवाळाने उजेडात नवा ऑक्सिजन तयार करून हिशेब बिघडवू नये. जगात बऱ्याच ठिकाणी 20 अंशाला पाच दिवस ठेवतात. आपल्याकडे हवा उष्ण, म्हणून 27 अंशाला तीन दिवसांची पद्धत आहे. मग पुन्हा मोजायचा. आरंभीच्या शिलकीतून अखेरची शिल्लक वजा. जी वजाबाकी उरली ती बीओडी. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी भाचीच्या वहीत समासात लाल पेनाने 'बरोबर' अशी खूण केली.

सीओडी हे त्याचंच मोठं भावंड. जिवाणूंना जे पचत नाही तेही धरून, रसायनाने सगळं जाळून केलेला दोन तासांचा हिशेब. कारखान्याच्या पाण्यात हे दोन आकडे एकमेकांपासून फार लांब असले तर समजावं, आत न पचणारं काहीतरी आहे. एवढं पुरे.

आता आकडे. घरच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण 200 ते 300. प्रक्रिया करून नदीत सोडायचं तर सर्वसाधारण मर्यादा 30. नदी आंघोळीच्या लायकीची म्हणायची तर तिच्यात तो 3 च्या आत हवा. मग ही 300 ची 30 करायची कशी? टाकीत खालून हवा फुंकतात आणि जिवाणूंना तिथेच जेवू घालतात, म्हणजे ते नदीचा श्वास घेणार नाहीत. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 मध्ये ही रीत काढली, अजून तीच चालते. त्यात खरा खर्च असतो विजेचा. आणि वीजबिल वाचवायला हवा बंद ठेवली तर बाहेरून कुणाला काही दिसत नाही, हीच तर अडचण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी दिवसाला 72,368 दशलक्ष लिटर धरलं आहे आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते 20,236. शंभरातले अठ्ठावीस. उरलेले बहात्तर कुठे जातात ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, त्यांनी शेरीनाला पाहिला आहे.

हे सगळं ठीक चाललं होतं. मी वाचत होते, भाचीची उजळणी घेत होते, नगरपालिकांना आणि कारखान्यांना मनातल्या मनात बोल लावत होते. मग एका रात्री तिच्या पुस्तकात एक तक्ता आला, कशाचा बीओडी किती त्याचा. त्यात दूध होतं.

दुधाचा बीओडी लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम.

मला आधी छपाईची चूक वाटली. सांडपाणी 300 आणि दूध एक लाख? भाची म्हणाली, "बरोबरच आहे आत्या. जेवढं पौष्टिक तेवढं जिवाणूंना खायला जास्त. मैला म्हणजे आपण आधीच पचवलेलं अन्न, वर त्यात भरपूर पाणी. दूध म्हणजे भरलेलं ताट."

मी तक्ता मिटला नाही. माझ्या डोळ्यांपुढे पितळी घागर आली.

आमच्याकडे महावीर जयंतीला बस्तीत पंचामृत अभिषेक असतो. माझ्या सासूबाईंचा नेम होता, 11 लिटर दूध आपल्या घरचं. त्या गेल्या तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "बाकी काही नाही जमलं तरी चालेल, जयंतीचं दूध मोडू नकोस." एकवीस वर्षं झाली, मी मोडलं नाही. करोनाच्या वर्षीसुद्धा उपाध्यांच्या दारात दूध पोचवलं होतं.

रात्री साडेअकराला उठून मी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब केला. एक लिटर दूध म्हणजे 100 ग्रॅम ऑक्सिजन. 11 लिटर म्हणजे 1,100 ग्रॅम. नदीच्या लिटरभर पाण्यात 8 मिलिग्रॅम. भागाकार 1,37,500. म्हणजे आमच्या घरचं दूध एक लाख साडेसदतीस हजार लिटर पाण्याचा सगळा श्वास घेऊ शकतं. दुसऱ्या बाजूने बघितलं तर, एका माणसाच्या दिवसाच्या सांडपाण्याचा भार आपल्याकडे 45 ते 54 ग्रॅम धरतात, म्हणजे आमचं एक घर त्या सकाळी वीस ते चोवीस माणसांचा दिवसभराचा मैला सोडत होतं. भक्तीने, सोवळ्यात, घंटा वाजवून. आणि आम्ही एकटे नव्हतो. त्या दिवशी एकूण साठ-पासष्ट लिटर तरी दूध असतं.

सकाळी देवदर्शनाला गेले ती बस्तीच्या मागच्या बाजूने गेले. इतक्या वर्षांत त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. गर्भगृहाची पन्हळ भिंतीतून बाहेर येते, एक पाइप, मग गटार, गटार नाल्याला, नाला कृष्णेला. आदल्या दिवशीच्या साध्या अभिषेकाचं चार-दोन तांबे दूध गटारात आंबून पडलेलं होतं, माशा घोंगावत होत्या. आई ज्या जीवांसाठी तांब्या दोरीने सोडायची ते जीव याच पाण्यातले. माझ्या माहेरच्याच बाजूला वाहत जाणारे.

इथे आणखी एक गोष्ट कळली ती सांगायलाच हवी. अमेरिकेत ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये एक आलेख मांडला. घाण जिथे नदीला मिळते तिथे ऑक्सिजन सर्वांत कमी नसतो. जिवाणू वाढायला, खायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. ऑक्सिजनचा तळ लागतो तो काही अंतर खाली, आणि तिथून पुढे वरची हवा मिसळत मिसळत नदी हळूहळू सावरते, मध्ये दुसरा नाला आला नाही तर. झोळीसारखा आकार दिसतो त्या आलेखाचा. म्हणजे ज्याने ओतलं त्याच्या घाटावर काहीच दिसत नाही. मासे मरतात ते खालच्या गावात. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो, त्याची छायाचित्रं पेपरात येतात आणि आपण म्हणतो, तेरवाडला काहीतरी झालं वाटतं.

महिला मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले. कॅलेंडर बरोबर नेलं होतं. पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच होती, "साखर कारखाने, प्रोसेसवाले सोडून तुम्हाला देवाचं दूधच दिसलं का?" प्रश्न चुकीचा नाही. कारखान्यांचा आणि शहरांचा भार आमच्या दुधाच्या कितीतरी पट आहे आणि आमच्या 65 लिटरांनी कृष्णा मेली असं मी म्हणत नाही. वाहती नदी तेवढं पचवेल, आटलेल्या चैत्रातल्या नाल्याच्या तोंडाशी कदाचित नाही पचणार. पण त्यांच्या खात्याचे ऑडिटर वेगळे आहेत, 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा आहे, मंडळ आहे, आणि ते काम करत नसतील तर त्यांच्या दारात जायलाही मी तयार आहे. तिथे कोण कोण येणार, असं विचारलं तर हात वर आले नाहीत. माझ्या खात्याची सही माझी आहे, एवढंच मी म्हटलं.

दुसरी प्रतिक्रिया लागली. एक जुनी मैत्रीण म्हणाली, "तुझी श्रद्धा कमी झाली गं." उत्तर भारतातले आपले तेरापंथी बांधव अभिषेक नुसत्या पाण्याने करतात, ते काय अश्रद्ध आहेत? पण तो पंथभेद मला उकरायचा नव्हता, म्हणून गप्प बसले. आता इथे लिहिते. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगतात. त्यातली आरंभी हिंसा आपल्या संसारातली, चूल पेटवली की होणारच, ती श्रावकाला टाळता येत नाही, कमी करता येते. पण विनाकारण होणाऱ्या हिंसेला अनर्थदंड असा वेगळा शब्द आहे, आणि पाणी निष्कारण सांडणंसुद्धा त्यात येतं. मुनीमहाराजांना तर मलमूत्र कुठे टाकावं याचीही समिती आहे, निर्जंतुक जागा डोळ्यांनी पाहून मगच. जो धर्म एवढी चौकशी करतो त्याच्या बस्तीचा पाइप कुठे जातो हे विचारणं अश्रद्धा कशी? मूर्तीवर पडेपर्यंत ते दूध आहे, पन्हळीतून बाहेर आल्यावर त्याची जबाबदारी कुणाची, एवढाच माझा प्रश्न होता.

उपाध्ये वयाने लहान आहेत, शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "काकू, कमी करा असं मला सांगता येणार नाही, पण गोळा करा म्हणालात तर करता येईल." मग ठरलं ते असं. पन्हळीखाली पिंप ठेवायचं, दुधाचा अभिषेक झाला की ते बाजूला घ्यायचं, आणि विश्वस्तांपैकी एकांचं शेत गावाबाहेर आहे तिथे खताच्या खड्ड्यात पाचोळ्यावर पातळ पसरून द्यायचं. एका जागी ओतायचं नाही, हे भाचीने बजावून सांगितलं होतं, नाही तर तिथेही श्वास कोंडतो आणि वास सुटतो. पातळ पसरलं की मातीतली हवा पुरते. भाची म्हणते तो हिशेब अजूनही पुरता बरोबर नाही, दूधच कमी करायला हवं. तिचं बरोबर आहे. माझं अर्ध्यावर भागलं.

राहिले माझे 11 लिटर. हे म्हणाले, "तुझा शब्द, तूच ठरव." दोन रात्री झोप लागली नाही. सासूबाई कुणाचा जीव घेणाऱ्या नव्हत्या. फरशीवरची मुंगी चालत भिंतीपर्यंत पोचेस्तोवर फडकं हातात धरून उभ्या राहायच्या. त्यांना तो तक्ता कुणी दाखवला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या ते मला नक्की माहीत आहे असं वाटतं, आणि लगेच वाटतं की हे मी माझ्या सोयीने ठरवते आहे. मेलेल्या माणसाची सही आपण करू नये.

जयंतीला मी 11 लिटर दूध आणलं, घरी त्याच पितळी घागरीत ओतलं, हळदकुंकू लावलं. एक तांब्या बस्तीत नेला. उरलेलं तापवून, साखर-वेलची घालून, बस्तीच्या दारात जयंतीच्या मिरवणुकीतून दमून आलेल्या पोरांना पेल्यांतून दिलं. पेले स्टीलचे, घरून नेलेले. मैत्रीण पलीकडे उभी होती. तिने पेला घेतला नाही, पण तिच्या नातवाने दोन घेतले.

पिंपात त्या दिवशी किती जमलं ते मी मोजलं. 54 लिटर. रिकामं पिंप शेतावरून परत आलं तेव्हा त्याला उग्र वास होता आणि ते धुवायला कुणी पुढे होईना. मीच धुतलं. ते धुतलेलं पाणी हातात घेऊन मी अंगणात उभी राहिले आणि मोरीकडे वळलेली पावलं मागे घेऊन जास्वंदीच्या आळ्यात ओतलं, थोडं थोडं करून.